व्हेनिसचा ग्रोसो आणि आपली पुतळी

आज एका चांदीच्या नाण्याची गोष्ट सांगते. नाणं परक्या मुलखातलं आहे, पण त्याचं नातं आपल्या दागिन्यांपर्यंत पोचतं.

इटलीत समुद्रकाठी व्हेनिस नावाचं शहर आहे. पूर्वी तिथे राजा नव्हता. व्यापारी घराणी आपला प्रमुख निवडत, त्याला डोज म्हणत. शहराची स्वतःची टांकसाळ होती, तिचं नाव झेक्का. हा शब्द अरबी ‘सिक्का’वरून आला, आणि आपला सिक्काही तिथूनच आला.

बाराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचं जुनं नाणं अगदी हिणकस झालं होतं. त्यात चांदी जेमतेम पाव हिस्सा, बाकी तांबं. मोठ्या व्यवहाराला पोतीभर नाणी मोजावी लागत. एन्रिको दांदोलो हा ११९२ ते १२०५ या काळात डोज होता. त्याच्या कारकिर्दीत नवं नाणं निघालं, ग्रोसो, म्हणजे मोठं नाणं. वजन दोन ग्रॅमांहून थोडं जास्त, आणि शंभरात ९८ भाग चांदी. एका बाजूला संत मार्क डोजच्या हाती निशाण देतोय, दुसऱ्या बाजूला सिंहासनावर येशू. दीडशे वर्षांच्या आसपास या नाण्याचा कस टिकला, म्हणून परमुलखातले व्यापारीही ते डोळे झाकून घेत.

१२८४ साली व्हेनिसने तशाच धर्तीचं सोन्याचं नाणं काढलं, डुकाट. त्यावर डोज संत मार्कपुढे गुडघे टेकून आहे. मसाले आणि कापडाच्या व्यापारात ही नाणी आपल्या किनाऱ्यावर आली. त्यावरच्या माणसांच्या आकृती पाहून आपल्या लोकांनी नाव ठेवलं ‘पुतळी’. ती ओवून पुतळ्यांची माळ झाली. पुढे सोनारांनी तशाच पुतळ्या इथेच घडवल्या.

पण मैत्रिणींनो, गोष्टीची दुसरी बाजूही ऐका. चोख ग्रोसो होता मोठ्या व्यापाऱ्यांसाठी. मजुरी आणि रोजचा बाजार चाले तो छोट्या, हिणकस नाण्यांत. सुरुवातीला २६ छोटी नाणी दिली की एक ग्रोसो मिळे. १२८२ साली ३२ द्यावी लागू लागली. म्हणजे ज्या बाईने घरात २६ छोटी नाणी जपून ठेवली होती, तिच्या रुपयाचे तेरा आणेच उरले. चोरी झाली नाही, खर्च झाला नाही, तरी गाठीचं घटलं. ग्रोसो साठवणाऱ्याला ही झळ लागली नाही.

आजही पैसा गाठीला किती, एवढंच मोजून भागत नाही. त्यात काय येतं, तेही बघावं लागतं. गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेब करून पाहा: पाच वर्षांपूर्वी शंभर रुपयांत किती तूरडाळ यायची, आणि आज किती येते? ते आकडे वहीत लिहा, आणि मगच ठरवा, बचत कशात ठेवायची.