ग्लॉस्टरचा वाटाड्या

मागच्या वेळी आपण प्लेटोच्या जहाजापाशी थांबलो होतो. 'रिपब्लिक'च्या सहाव्या पुस्तकातलं ते जहाज: मालक धिप्पाड, पण जरा बहिरा, दृष्टीनंही अधू, खलाशी सुकाणूसाठी भांडताहेत, आणि ज्याला खरोखर वारे-तारे कळतात त्याला सगळे बिनकामाचा म्हणताहेत. दाखला सुंदरच आहे. पण त्यात खरा जाणकार कोण, हे आपल्याला प्लेटोनं आधीच सांगून ठेवलेलं असतं. जहाजावर उभ्या असलेल्या माणसाला ते कोण सांगणार? म्हणून आज आपण एका खऱ्या जहाजावर जाऊ.

साल 1682. त्या वर्षाच्या सुरुवातीला इकडे संभाजी महाराजांची जंजिऱ्यावर मोहीम चालली होती. तिकडे इंग्लंडच्या गादीवर दुसरा चार्ल्स, म्हणजे ज्याला मुंबई आंदण मिळाली तोच. त्याचा धाकटा भाऊ जेम्स, ड्यूक ऑफ यॉर्क, गादीचा वारस होता. तो कॅथलिक असल्यामुळे पार्लमेंटमधला एक मोठा गट त्याला वारसाहक्कातूनच वगळायला निघाला होता. हा जेम्स आपल्या गरोदर बायकोला आणायला समुद्रमार्गे एडिंबरोला निघाला. जहाज 'ग्लॉस्टर', क्रॉमवेलच्या काळात 1654 साली बांधलेली युद्धनौका. कप्तान सर जॉन बेरी. वाट दाखवायला जेम्स एअर्स नावाचा पायलट. आज पायलट म्हटलं की आपल्याला विमान दिसतं. तेव्हा तो पाण्यातला वाटाड्या असे. कच्छचे दर्यावर्दी जहाज हाकणाऱ्या जाणकाराला 'मालम' म्हणत. तो मूळचा अरबी शब्द, अर्थ 'शिकवणारा'. आम्हां मास्तरांना हा अर्थ आवडतो, हे कबूल करतो.

आता तिथला समुद्र कसा आहे ते नीट पाहू, कारण सगळं त्यावरच आहे. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्फोकसमोर, समुद्राच्या तळाशी वाळूचे लांबच लांब बांध आहेत. भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी ते घडवले आणि तेच प्रवाह त्यांना हळूहळू सरकवतही असतात. दोन बांधांच्या मधे खोल पाणी, बांधाच्या माथ्यावर मोजकंच. कोकणात खाडीच्या तोंडाशी भरती बघूनच होडी आत घेतात, तेव्हा वाळू म्हणजे काय ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. पण खाडीचं तोंड डोळ्यांसमोर असतं. हे बांध किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत आहेत, जिथून जमीनच दिसत नाही.

मग खलाशी काय करायचे? शिशाचं वजन दोरीला बांधून सोडायचे आणि किती वाव पाणी आहे ते मोजायचे. वजनाच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला चिकटून वाळू आली, शिंपल्यांचा चुरा आला की चिखल, यावरून जागा ओळखायची. बाकी मग वेग, दिशा आणि वेळ यांचा अंदाज. रेखांश समुद्रावर नेमका काढण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यात या बांधांची एक बाजू अनेकदा उभी असते. दोरी खोल पाणी दाखवते, दाखवते, आणि थोड्याच अंतरावर बांध समोर. म्हणजे साधन खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलतं.

5 मेच्या रात्री वाद झाला. सोबतच्या नौकेवर सॅम्युएल पेप्स होता, तोच रोजनिशीवाला. ग्लॉस्टरवर न जाता तो 'कॅथरिन' या यॉटवर राहिला, म्हणून वाचला असं म्हणायला हरकत नाही. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात तो दोष सरळ पायलटच्या हट्टाला देतो: कप्तान, त्याचे सहकारी, खुद्द ड्यूक, सगळे म्हणत होते की आपण अजून वाळूच्या पार झालेलो नाही, एकटा एअर्स म्हणत होता, झालो आहोत.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण वादाची दुसरीही एक हकीगत आहे. एअर्सला किनाऱ्याजवळून जायचं होतं, इतरांना बाहेरच्या खोल समुद्रातून, आणि ड्यूकनं मधला मार्ग काढला. जेम्स पूर्वी आरमाराचा प्रमुख होता, त्याचं मत म्हणजे नुसतं उतारूचं मत नव्हे. दरबारात मधला मार्ग शहाणपणाचा असतो. इथे बरोबर मधेच 'लेमन' आणि 'ओवर' हे बांध होते.

6 मेच्या पहाटे साडेपाचच्या सुमारास जहाज ग्रेट यार्मथपासून सुमारे 45 किलोमीटरवर वाळूवर आदळलं. सुकाणू निखळलं, तळ फुटला, आणि साधारण तासाभरात सगळं संपलं. ड्यूक लवकर उतरेना, आणि राजघराण्यातला माणूस उतरल्याशिवाय इतरांनी जहाज सोडायचं नाही हा रिवाज. शेवटी तो उतरला तेव्हा होडीत गर्दी होऊ नये म्हणून जॉन चर्चिल तलवार उपसून उभा होता. मेले किती? 130 ते 250, असे वेगवेगळे अंदाज आहेत. नोंदी बड्यांच्या राहतात, खलाशांच्या कोण ठेवतो?

एअर्सवर लष्करी खटला चालला, जन्मठेप झाली. आणि साधारण वर्षभरात तो सुटलाही!

आता आमचं मत. एअर्स दोषी होताच. वाटाड्याचा पहिला धर्म 'आपण नेमके कुठे आहोत याची खात्री नाही' हे म्हणता येणं, आणि त्याला ते म्हणता आलं नाही. पण 'बेफिकीर' हे विशेषण त्याला चिकटवण्याची गरज सर्वांत जास्त ड्यूकलाच होती, हेही विसरू नये. वारसाहक्क वाचवण्याच्या ऐन लढाईत, आपल्या हुकमाने माणसं बुडाली हे त्याला परवडणारं नव्हतं. विरोधकांनी तेवढ्यात, ड्यूकनं माणसांआधी कुत्री आणि धर्मगुरू वाचवले, ही कंडी पिकवलीच.

तीन वर्षांनी जेम्स राजा झाला. 1688 मध्ये त्याला देश सोडून पळावं लागलं, आणि ऐन वेळी त्याची बाजू सोडून गेलेल्यांत तो तलवारवाला चर्चिलही होता.

ग्लॉस्टरचा सांगाडा 2007 साली दोघा भावांना पाणबुडी करताना सापडला. पण अवशेष या जहाजाचेच, हे पक्कं झालं ते 2012 मध्ये वर काढलेल्या घंटेवरून. 2022 पर्यंत ही गोष्ट जाहीर केली नव्हती, कारण समुद्रातले चोरटेही वाटा शोधतच असतात. एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.