खोडलेली किंमत

रमजान ईदच्या खरेदीला मी दौंडला गेलो होतो. कुर्त्याच्या लेबलवर १,६०० खोडून ८०० लिहिलेले. निम्मे पैसे वाचले म्हणून खुशीत घेतला. शिरूरला परतलो, तर तसाच कुर्ता सुटीच्या पाटीशिवाय ७५० ला! अम्मी म्हणाली, "कुर्ता नाही, तू तो खोडलेला आकडा विकत घेतलास."

ही चलाखी जुनीच. खोटी बोली लावून भाव चढवण्याला अरबीत 'नजश' म्हणतात. पैगंबरांनी ती मना केली होती. १९७४ मध्ये काह्नेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले, की चाक फिरवून आलेला निरर्थक आकडाही माणसाच्या अंदाजाला आपल्याकडे ओढतो. त्याच वर्षी पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ च्या नव्या कायद्याने फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड ठेवला.

पण बहुतेक वस्तूंवरची छापील कमाल किंमत सरकार नव्हे, उत्पादकच ठरवतो. ती आधीच फुगवली, की सूट मोठी दिसते.

म्हणून सूट किती ते विचारू नका. शेजारच्या दुकानात भाव काय, ते विचारा.