ओवीचा चौथा चरण

ज्ञानेश्वरीतील ओवीचे लक्षण सांगताना पहिल्या तीन चरणांच्या यमकाविषयी पुष्कळ लिहिले जाते. चौथा चरण आखूड व निर्यमक असतो, एवढी नोंद करून विवेचन थांबते. 'साडेतीन चरणी' हे नावही या अर्ध्या चरणाकडे उणीव म्हणून पाहायला लावणारे आहे. हा दृष्टिकोण तपासून घ्यायला हवा.

ओवी मूळची गाण्याची. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त आहे. पुढे देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त तिचे लक्षण दिले : देशभाषेत गायिलेले तीन प्रासयुक्त खंड आणि त्यांच्या अंती 'ओवी' हे पद. १२९० च्या ज्ञानेश्वरीतील ओवी या लक्षणाशेजारी ठेवून पाहावी. तीन खंडांचा प्रास कायम आहे. गाणारीचे पालुपद जिथे होते, तिथे चौथा चरण आला आहे. पालुपद प्रासाच्या बाहेरचे आणि आटोपशीर असते. चौथा चरण निर्यमक का आणि आखूड का, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा त्यातून होतो. अर्थात हे माझे अनुमान आहे.

त्या जागेचे कार्य मात्र पालटले. पालुपद दरवेळी तेच असते, नवे काही सांगत नाही. ज्ञानेश्वरांनी तिथे अनेकदा वाक्याचे क्रियापदच आणून ठेवले. यमकाने जागवलेली अपेक्षा तिसऱ्या चरणाअखेर पुरी होते, वाक्य मात्र अधांतरी असते; ते या मोजक्या अक्षरांत टेकते. आपली ओवी गाण्यात मिरवते आणि गाण्यावाचूनही रंग दाखवते, असे ते अठराव्या अध्यायात म्हणतात. त्या ओवीत 'ओवी' हा शब्द तिसऱ्या चरणाच्या अंती, यमकाच्या जागी आहे आणि क्रियापद चौथ्या चरणात. योगायोगही असेल, मला तो बोलका वाटतो.

माधव जूलियन यांनी 'छंदोरचने'त ओवी-अभंगांना वृत्त व जाती यांहून निराळे 'छंद' म्हणून स्थान दिले, हे मोठेच काम. परंतु ज्ञानेश्वरीतील चरणांची अक्षरसंख्या सतत बदलते. निव्वळ गणनेने ही ओवी हाती लागत नाही. ना. ग. जोशी यांनी १९५५ साली लयदृष्टीने केलेला पुनर्विचार म्हणूनच इथे अधिक उपयोगी पडतो. नामदेवांनी सांगितलेल्या मोठ्या अभंगात ६-६-६-४ असा अक्षरबंध ठरला आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांपुरते उरले. चौथा चरण तिथेही आखूडच राहिला. गाताना त्याच्या उरलेल्या दोन अक्षरांची जागा स्वर लांबवून भरली जाते.