ताडोबाचा तारू

ताडोबाहून परत आल्यावर ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न. "दिसला का?" काय दिसला ते विचारायची गरजच नसते. हो बाबांनो, दिसला. मोहर्ली गेटमधून आत शिरल्यावर तासाभरातच. पाणवठ्यात बसलेला आणि आमच्या सात-आठ जिप्सींकडे ढुंकूनही न बघणारा. फोटो काढले, एक डेस्कटॉपवरही चढवला. पण आजचा लेख वाघाबद्दल नाही, ताडोबा या नावाबद्दल आहे.

झालं असं की तळ्यापाशी आल्यावर आमच्या गाईडने एका मोठ्या झाडाच्या दिशेने हात जोडले. मी विचारलं, कुठला देव? तर म्हणाला, "ताडोबा देव जी, साहेब. त्याच्याच नावाचं जंगल आहे हे."

गोष्ट अशी. तारू हा गोंडांचा एक गावप्रमुख. वाघाशी लढताना तो मारला गेला आणि लोकांनी त्याला देव मानलं. तळ्याकाठी त्याचं ठाणं झालं, पौषात तिथे यात्रा भरू लागली. म्हणजे ज्या नावाने आपण वाघ बघायचं बुकिंग करतो, ते नाव वाघाने मारलेल्या माणसाचं आहे! माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. मग पुण्याला येऊन जरा वाचायला घेतलं.

हा सगळा मुलूख चांद्याच्या गोंड राजांचा. मोहर्लीहून तळ्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला दगडी खांब दिसतात. लोक सांगतात, त्यांतून दोरी ओवलेली असे आणि राजाची स्वारी निघाली की घंटा वाजवून पुढे वर्दी जाई. (आमच्या भाषेत, नेटवर्क!) १७५१ मध्ये गोंडांचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, १८५३ नंतर इंग्रजांकडे. पुढे १८७८ च्या वनकायद्याने देशभरातली जंगलं राखीव होत गेली आणि पिढ्यानपिढ्या तिथे राहणाऱ्यांना सरपणापासून चराईपर्यंत सगळ्याला सरकारची परवानगी लागू लागली.

ताडोबात शिकारीवर बंदी आली १९३५ साली. १९५५ मध्ये तळ्याभोवतीचं सुमारे ११६ चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान झालं. गंमत बघा, हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, पण तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं, चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता! १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा.

आता कोअर म्हटलं की आतली गावं हलवणं आलं. २००७ मध्ये बोटेझरी आणि कोळशाचा काही भाग हलला, २०१० नंतर नवेगाव आणि जामणी. दुपारच्या सफारीत जामणीचं गवताळ मैदान बघून मी म्हटलं, काय सुंदर नैसर्गिक कुरण आहे! गाईड हसला. "इथं शेतं होती, साहेब."

या लोकांना नुसतं हाकलून दिलं असं म्हणणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. आत रस्ता नाही, दवाखाना नाही, पिकं रानडुकरं खाऊन जातात. अशा ठिकाणाहून बाहेर पडायला कितीतरी लोक तयार असतात. २००८ पासून व्याघ्र प्रकल्पांमधल्या पुनर्वसनासाठी कुटुंबामागे १० लाख मिळायचे, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. आणि गावं गेली तिथे गवत आलं, गवतामागे चितळ-सांबर आले, त्यांच्यामागे वाघ. हिशेब बरोबर आहे. पण पुण्यात १५ लाखांत काय येतं हे आपल्यापैकी गृहकर्ज भरणाऱ्यांना सांगायला नको.

शिवाय वाघ काही कोअरची हद्द बघून चालत नाहीत. बफरमधली आणि त्याबाहेरचीही गावं त्यांच्यासोबतच राहतात. एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता. वर्षाची बरीचशी रोख कमाई याच दिवसांत होते, आणि ती करायला पहाटे जंगलात वाकून काम करावं लागतं. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात. गाईड सहज बोलून गेला, "तुमी वाघ दिसावा म्हणून येता. आमच्या बाया मोह वेचाले जाताना तो दिसू नये म्हणून हात जोडतात."

तारूची गोष्ट मला दंतकथा वाटली होती. तिथल्या माणसांसाठी ती चालू बातमी आहे.

वाघ वाचलाच पाहिजे, यात मला शंका नाही. फक्त त्याचं बिल कोण भरतंय, एवढं तरी आपल्याला माहीत असावं.

असो. कोणी जाणार असाल तर मंगळवारी सुट्टी असते आणि पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर बंद असतो. आणि तळ्यापाशी पोचलात की गाईडला तारूबद्दल जरूर विचारा. वाघ दिसो न दिसो.