पदकाचा निकष : लिनियस ट्राइप आणि १८५५ चे मद्रास प्रदर्शन

कलावंताला मिळालेले पहिले पदक त्याच्या चरित्रात हमखास नोंदवले जाते. ते पदक कोणत्या निकषावर मिळाले, याची चौकशी मात्र क्वचितच होते. साहित्यातही वेगळे घडत नाही. पुरस्कारप्राप्त ग्रंथांच्या याद्या आपण पाठ करतो, पण पुरस्कार देणाऱ्याला त्या ग्रंथात नेमके काय हवे होते हे विचारत नाही. वास्तविक कोणताही पुरस्कार घेणाऱ्याविषयी जेवढे सांगतो, तेवढेच देणाऱ्याच्या गरजेविषयीही सांगतो. या दृष्टीने हिंदुस्थानातील छायाचित्रकलेच्या आरंभकाळातील एक उदाहरण तपासण्यासारखे आहे. १८५५ साली मद्रासच्या प्रदर्शनात एका नवख्या छायाचित्रकाराला पहिल्या दर्जाचे पदक मिळाले. त्या पदकाने त्याला घडवले, आणि पदकामागच्या निकषानेच पुढे चार वर्षांनी त्याची कारकीर्द संपवली.

त्याचे नाव लिनियस ट्राइप. १८२२ साली इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट या गोदीच्या गावी जन्मलेला ट्राइप कोवळ्या वयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला. पुढे दीर्घ रजेवर मायदेशी गेला असता त्याने छायाचित्रणाचे तंत्र आत्मसात केले. १८५३ साली लंडनमध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि त्याच वर्षी तो तिचा सभासद झाला. डेव्हनपोर्टच्या गोदीतील जहाजे हे त्याचे आरंभीचे विषय. दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या जहाजाचा प्रचंड सांगाडा हा एक प्रकारे इमारतीचाच नमुना असतो, आणि ट्राइपची नजर तेथेच तयार झाली असावी. १८५४ च्या मध्यावर तो बंगळूरला परतला तेव्हा त्याच्याजवळ कॅमेरा होता आणि नोकरीतून मिळणारा फावला वेळ होता. छायाचित्रकार म्हणून नाव मात्र नव्हते.

त्या वर्षाच्या डिसेंबरात अँड्र्यू नील या डॉक्टर मित्रासोबत तो हळेबीड आणि बेलूर येथे गेला. नील स्वतःही छायाचित्रे घेत असे. होयसळांची ही मंदिरे म्हणजे छायाचित्रकाराची खडतर परीक्षाच. मऊ दगडात कोरलेले हत्ती, स्वार, वेलबुट्टी आणि देवप्रतिमा यांचे थरावर थर भिंतीभर पसरलेले. डोळा एका आकृतीवर स्थिरावावा तोच शेजारची त्याला ओढून घेते. शिवाय ट्राइप काचेवर नव्हे, तर रसायन लावलेल्या कागदावर निगेटिव्ह तयार करीत असे. कागद वाहून नेण्यास सोपा आणि उष्ण प्रदेशात सोयीचा. परंतु त्याला प्रकाश दीर्घकाळ द्यावा लागे आणि त्याच्या तंतूंमुळे बारकावे किंचित पुसट होत. अशा माध्यमातून एवढी सूक्ष्म शिल्पकला टिपायची तर सूर्य कोणत्या क्षणी कोणत्या भिंतीवर तिरपा पडतो याचा अभ्यास अपरिहार्य होता. ट्राइपच्या छायाचित्रांत सावली ही शिल्पाचा उठाव दाखवणारी रेघ होऊन येते, ती या अभ्यासामुळे.

१८५५ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे दक्षिण हिंदुस्थानातील कच्चा माल, कला आणि कारागिरी यांचे प्रदर्शन भरले. ट्राइपने तेथे ६८ छायाचित्रे मांडली. पूर्वी कोणीही छायाचित्रित न केलेल्या स्थळांची ही चित्रे होती. कागदावरील छायाचित्रांची सर्वोत्कृष्ट मालिका म्हणून परीक्षकांनी त्यांना पहिल्या दर्जाचे पदक दिले.

या निर्णयातील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट प्रदर्शनाच्या स्वरूपाची. ज्या छपराखाली ही छायाचित्रे मांडली होती, त्याच छपराखाली तेले, तंतू आणि इमारती लाकूड यांचे नमुनेही होते. हा प्रकार मद्रासपुरता नव्हता. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात छायाचित्रांची गणना शास्त्रीय उपकरणांच्या वर्गात झाली होती. १८६२ च्या लंडन प्रदर्शनातही त्यांना यंत्रसामग्रीच्या पंगतीला बसवले गेले, तेव्हा छायाचित्रकारांनी निषेध नोंदवला. म्हणजे ट्राइपचे पदक हे आजच्या अर्थाने कलेचे पदक नव्हतेच. एका उपयुक्त कौशल्याचा तो गौरव होता.

दुसरी गोष्ट ‘मालिका’ या शब्दाची. हिंदुस्थानातील वास्तूंचे चित्रण करण्याची एक परंपरा त्याआधी होती. टॉमस आणि विल्यम डॅनियल यांच्या चित्रांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तिला लोकप्रियता दिली. या परंपरेत एका वास्तूचे एक रम्य दृश्य पुरेसे होते : वटवृक्ष, भग्न गोपुर, पुढे दोन माणसे आणि एक बैल. मद्रासच्या परीक्षकांनी गौरवले ते असे एकटे, रम्य दृश्य नव्हते. एकामागून एक, क्रमाने आणि सातत्याने घेतलेल्या छायाचित्रांचा त्यांनी समुच्चय म्हणून विचार केला. रम्यतेकडून नोंदीकडे झालेला हा रुचिपालट एका साध्या शब्दात दडलेला आहे.

हा पालट केवळ अभिरुचीचा नव्हता. त्यामागे कंपनी सरकारचा हिशेब होता. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनीने १८४४ साली रॉबर्ट गिल या मद्रास फौजेतीलच अधिकाऱ्याची नेमणूक केली होती. तैलरंगातील त्या नकला करण्यात वर्षांमागून वर्षे गेली, आणि त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. दरम्यान चित्रकाराच्या जागी कॅमेरा वापरावा हा विचार कंपनीच्या संचालकांना पटू लागला होता. मुंबई इलाख्याने १८५५ साली कॅप्टन टॉमस बिग्ज याला विजापूर, ऐहोळे, बदामी येथील वास्तूंच्या छायाचित्रणासाठी नेमले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या वर्तुळातील एक आघाडीचे छायाचित्रकार होते. सारांश, ट्राइपला पदक मिळाले त्या क्षणी सरकारला अशाच माणसाची गरज होती. गुण आणि गरज यांचा असा योग जुळला की त्यालाच आपण पुढे ‘यश’ म्हणतो.

यशाचे फळ लगेच मिळाले. दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर पेगू प्रांत कंपनीने गिळंकृत केला होता. त्या पार्श्वभूमीवर १८५५ च्या ऑगस्टमध्ये आर्थर फेयर यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ राजा मिंडोनच्या दरबारी अमरापूरला निघाले. ट्राइप त्याचा अधिकृत छायाचित्रकार होता. नोव्हेंबरपर्यंतच्या या प्रवासात त्याने दोनशेहून अधिक निगेटिव्ह तयार केली. नंतर बंगळूरला त्यांतील १२० निवडून त्यांचे ५० संच केले. म्हणजे ६,००० प्रिंट, तेही सूर्यप्रकाशात एकेक करून उमटवलेले. ब्रह्मदेशातील लाकडी विहार, पॅगोडा आणि नगरतट यांचे एवढे विस्तृत छायाचित्रण त्यापूर्वी झालेले नव्हते. अमरापूर राजधानी म्हणून लौकरच सोडून देण्यात आली, हे लक्षात घेता या संचांचे मोल अधिकच जाणवते. तथापि ही चित्रे एका जेत्या सत्तेच्या वकिलातीने, तिच्या माहितीसाठी घेतलेली होती, हेही विसरता येत नाही.

ब्रह्मदेशाच्या कामानंतर मद्रास सरकारने ट्राइपला शासकीय छायाचित्रकार नेमले. १८५७ च्या डिसेंबरात तो बैलगाड्यांवर सामान लादून निघाला आणि सुमारे साडेचार महिन्यांत श्रीरंगम्, तिरुचिरापल्ली, मदुराई, पुदुक्कोट्टै, तंजावर अशी मजल मारून परतला. उत्तरेत बंडाचा वणवा अजून विझला नव्हता, त्याच वेळी दक्षिणेत एक लष्करी अधिकारी मंदिरांच्या खांबांवरील प्रकाश मोजत होता. १८५८ साली या छायाचित्रांचे संच प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्याने मद्रासमध्ये ठेवलेल्या अमरावतीच्या शिल्पांचीही छायाचित्रे घेतली, आणि पुढच्याच वर्षी ती शिल्पे लंडनला रवाना झाली. वस्तूची नोंद करणे आणि ती वस्तू उचलून नेणे या दोन क्रिया त्या काळी किती लगत चालत होत्या, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

मराठी वाचकाने या प्रवासातील तंजावरपाशी थोडे थांबावे. व्यंकोजींनी स्थापिलेल्या भोसले घराण्याचा अखेरचा राजा दुसरा शिवाजी १८५५ साली वारला आणि औरस पुत्र नाही या सबबीखाली कंपनीने संस्थान खालसा केले. ट्राइप तेथे पोहोचला तो या घटनेनंतर अवघ्या अडीच वर्षांच्या आत. बृहदीश्वराच्या आवारात सरफोजी राजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसलेकुळाचा विस्तृत मराठी शिलालेख तेव्हाही होता. ट्राइपचे लक्ष वेधून घेतले ते मात्र मंदिराच्या जोत्याभोवती फिरणाऱ्या चोळकालीन तमिळ लेखांनी. त्याने कॅमेरा थोडा थोडा सरकवत या लेखांची क्रमवार छायाचित्रे घेतली आणि २१ प्रिंट एकमेकांना जोडून सुमारे १९ फूट लांबीचा एकच पट तयार केला.

मद्रासच्या परीक्षकांनी गौरवलेल्या ‘मालिके’ची ही परिणती होय. येथे दृश्य उरलेलेच नाही. पाहणाऱ्याने चालत चालत वाचावे अशी ही रचना आहे. ट्राइपला स्वतःला ती अक्षरे लागत नव्हती. त्याने ती लागणाऱ्यांसाठी जपून ठेवली. हुल्त्श यांनी संपादिलेले राजराजाच्या काळातील हे लेख १८९१ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागले. त्यांत आहेत देवाला अर्पण केलेल्या सोन्याच्या, दागिन्यांच्या आणि गावांच्या काटेकोर नोंदी. म्हणजे ट्राइपने एवढ्या सायासाने टिपली ती एका जुन्या राज्याची दगडावरची हिशेबवहीच होती.

या चित्रांना केवळ नोंद म्हणून मिटवता येईल काय? मला तसे वाटत नाही. त्या काळची रसायने निळ्या रंगाला अति संवेदनशील असल्यामुळे आकाश प्रिंटवर कोरे किंवा डागाळलेले येई. ट्राइप निगेटिव्हवर रंगाने बारीक काम करून तेथे ढग उमटवीत असे. काही ठिकाणी झाडांची पालवीही त्याने अशीच सावरली आहे. ज्या चित्रमालिकेचे मोल तिच्या बिनचूकपणामुळे ठरले, तिच्या कर्त्याला बिनचूकपणा पुरेसा वाटत नव्हता. सरकारी अहवालाला ढगांचे काय प्रयोजन? ते प्रयोजन फक्त चित्रालाच होते. मदुराईच्या मंडपांतील रिकाम्या, खोल जाणाऱ्या खांबांच्या रांगा पाहतानाही हेच जाणवते. माणसे तेथे जवळजवळ नाहीत. त्याला दीर्घ प्रकाशनकाळ हे एक कारण असेल, पण ती रिकामी जागा रचणारी नजर ट्राइपचीच आहे. मात्र तिची एक किंमतही आहे. नांदत्या देवळाला या चित्रांत अवशेषाची कळा येते. पुजारी, फुलवाल्या, भाविक यांना वगळून उरलेले देऊळ हे पुराणवस्तुसंशोधकाचे देऊळ आहे, गावाचे नव्हे. या चित्रांचे सौंदर्य आणि त्यांनी केलेला अन्याय एकाच रिक्ततेतून आलेले आहेत.

१८५९ साली सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन मद्रासचे गव्हर्नर म्हणून आले. बंडानंतर तिजोरीला मोठा ताण पडलेला होता. सरकारच्या सांपत्तिक स्थितीला न परवडणारी चैन, अशी या कामाची संभावना करून त्यांनी ते थांबवले. ट्राइप तेव्हा ३७ वर्षांचा होता. ट्रेव्हेल्यन स्वतःही पुढच्याच वर्षी नव्या करांना उघड विरोध केल्याबद्दल परत बोलावले गेले, परंतु त्याने ट्राइपचे काम पुन्हा सुरू झाले नाही. पुढे ब्रह्मदेशात लष्करी नेमणुकीवर असताना घेतलेली थोडी छायाचित्रे सोडली तर त्याने जवळजवळ कॅमेरा खाली ठेवला. १९०२ मध्ये डेव्हनपोर्टलाच त्याचा मृत्यू झाला.

ट्रेव्हेल्यन यांना अरसिक ठरवून हा प्रश्न सुटत नाही. त्यांनी नवा निकष आणला नव्हता. उपयोग हाच १८५५ च्या परीक्षकांचा निकष होता आणि उपयोग हाच १८५९ च्या गव्हर्नरांचा. तेलबियांच्या शेजारी ठेवून ज्याला पदक दिले, त्याला जमाखर्चाच्या वहीतून वजा करणे हे तर्काला धरूनच होते. कला म्हणून त्या कामाला मान्यता मिळाली असती तर ते वाचले असते, असेही ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु त्याच्या बाजूने बोलण्यासाठी दुसरी भाषा तरी उपलब्ध झाली असती. ती भाषा घडायला दीड शतक लागले. २०१४-१५ मध्ये वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आणि लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय येथे ट्राइपच्या छायाचित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. तेथे ती कलाकृती म्हणून भिंतीवर होती.

पण आता उलट प्रमाद होण्याचा संभव आहे. ढगांचे कौतुक करताना पेगूचे युद्ध, खालसा झालेले तंजावर आणि लंडनला गेलेली अमरावतीची शिल्पे नजरेआड होऊ शकतात. संग्रहालयाच्या भिंतीलाही तिची स्वतःची गरज असते. तिचा निकष निराळा आहे. तो निर्गरज नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला यातून एक शिस्त घेता येईल. पुरस्कारपत्र वाचताना त्यातील विशेषणांपेक्षा नामांकडे लक्ष द्यावे. मद्रासच्या परीक्षकांच्या निर्णयातील ‘सर्वोत्कृष्ट’ हा शब्द कोणत्याही प्रशस्तिपत्रात सापडतो. ट्राइपची सारी कथा ‘मालिका’ या दुसऱ्या शब्दात आहे : त्याला मिळालेल्या कामाची, तंजावरच्या १९ फुटी पटाची, आणि तो पट ज्यांनी चैन ठरवला त्यांचीही.