पुढे गेलेले कुत्रे

पाटणादेवीच्या रानात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन अनेकदा गेलो आहोत. चाळीसगावच्या दक्षिणेला सपाट काळी जमीन संपते आणि अजिंठा-सातमाळ्याची रांग एकदम उभी राहते. तिच्या कुशीत चंडिकेचे मंदिर आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाला दिलेल्या दानाचा इ. स. १२०७ चा शिलालेख याच पाटण्याचा. तो दाखवावा, मग ओढ्याकाठाने पितळखोऱ्याच्या दिशेने जमेल तितके चालावे, असा आमचा परिपाठ.

अशाच एका सहलीत वाटेवरच्या वस्तीतले एक तांबूस कुत्रे आमच्याबरोबर निघाले. कोणी बोलावले नव्हते. ते कधी पुढे जाई, वळणावर थांबून मागे पाही, आम्ही दिसलो की पुन्हा चालू लागे. नाक्यावर मात्र वनरक्षकाने त्याला अडवले. अभयारण्यात कुत्रे नेता येणार नाही, असे त्याने शांतपणे सांगितले. आम्ही पुढे गेलो, ते मागे राहिले. परतताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, या रानात कुत्र्यासकट हिंडण्याचा अधिकार आजवर कोणाकोणाला होता?" प्रश्न साधा होता, उत्तर शोधू लागलो तेव्हा कुत्र्याच्या निमित्ताने माणसांचाच इतिहास हाती आला.

प्रारंभ याच रांगेतील अजिंठ्यापासून करता येतो. सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात सुतसोम जातकाचे चित्र आहे. त्यात राजा सुदास घोड्यावर बसून शिकारीस निघाला आहे आणि त्याच्या लवाजम्यात कुत्रीही आहेत. हे लेणे पाचव्या शतकातले. ज्या स्थानिक राजघराण्याने ते कोरविले त्याचे राज्य ऋषीक म्हणून ओळखले जाते, आणि अनेक अभ्यासक त्याची जागा खानदेशात दाखवतात. म्हणजे कुत्र्यासह रानात शिरणाऱ्या माणसाचे या मुलखातील एक अतिशय जुने चित्र राजाचे आहे. पुढे बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'सारमेयविनोद' या नावाने कुत्र्यांच्या विनोदाचेही प्रकरण आहे. कुत्रा राजाच्या दोरीला असला की त्याला शास्त्र लाभते, चित्रात जागा मिळते.

तोच कुत्रा दुसऱ्याच्या मागून चालू लागला की काय होते? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे, कुत्री आणि गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे विधान आहे. 'श्वपच' या शब्दाच्या पोटातच कुत्रा बसला आहे. एकाच प्राण्याचे बाळगणे एका ठिकाणी ऐश्वर्याची खूण ठरते, दुसऱ्या ठिकाणी हीनत्वाची. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टी सांगताना कुत्रा आणि श्वपाक एकाच ओळीत, शेजारी शेजारी येतात. समतेचा उपदेश करतानाही ही जोडी सुटत नाही, याकडे वर्गात आम्ही क्वचितच लक्ष वेधतो.

या दृष्टीने आदिपर्वातील एकलव्याची कथा पुन्हा वाचण्यासारखी आहे. आपल्याला अंगठा आठवतो. कथेला गती देणारा कुत्रा विसरला जातो. पांडव मृगयेला निघाले. त्यांच्या मागून एक माणूस साहित्य आणि कुत्रा घेऊन चालला होता. कुत्रा भटकत पुढे गेला आणि मृगाजिन नेसलेला, जटा वाढलेला, मळकट अंगाचा एकलव्य पाहून भुंकू लागला. एकलव्याने त्याच्या तोंडात एकाच वेळी सात बाण मारले. तसाच तो कुत्रा पांडवांकडे परतला; ते नेमबाजीचे कौशल्य पाहून ते चकित झाले, शोध सुरू झाला, आणि शेवट गुरुदक्षिणेत झाला.

या प्रसंगात राजपुत्रांच्याही आधी अरण्यवासी माणसापर्यंत पोचतो तो कुत्रा. तो भुंकतो ते एकलव्याचे रूप पाहून. म्हणजे नगराची नजर त्याने आधीच शिकून घेतली आहे. तोंड बाणांनी भरल्यावर त्याला भुंकता येत नाही, तरी तो निरोप पोचवतोच. कुत्र्यामुळेच एकलव्य सापडतो. आणि आपल्याला आणखी एक गोष्ट जाणवते. साहित्य आणि कुत्रा घेऊन चालणाऱ्या त्या माणसाला महाभारताने नाव दिलेले नाही. रानातली वाट बहुधा त्यालाच ठाऊक असणार.

आज भिल्ल समाज एकलव्याला आपला पूर्वज मानतो. केंद्र शासनाच्या आदिवासी निवासी शाळांनाही त्याचेच नाव आहे. एकलव्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना घरची वाटते, म्हणून ती शिकवताना आमचा आवाज जपून लागतो.

आता इंग्रजी अमदानीकडे येऊ. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. लगेच पुढच्या वर्षी, २८ एप्रिल १८१९ रोजी, जॉन स्मिथ या मद्रास घोडदळाच्या अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले. तो वाघाच्या शिकारीला आला होता, आणि एका गुराख्याने त्याला वाट दाखवली, असे परंपरा सांगते. स्मिथचे नाव दगडावर आहे. गुराख्याचे कुठेच नाही. सतराव्या लेण्यातला शिकारीला निघालेला राजा मात्र त्याच दरीत, थोड्याच अंतरावर, घोड्यावर बसून होता.

डोंगरातल्या भिल्लांनी नवी सत्ता सहजी मानली नाही. अनेक वर्षे लष्करी मोहिमा काढूनही यश येईना, तेव्हा १८२५ मध्ये धोरण बदलले. भिल्ल एजन्सीची रचना झाली, आणि भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम तरुण जेम्स औट्रमकडे आले. तिचे ठाणे धरणगावी होते. औट्रमने भिल्लांशी जवळीक साधली ती मुख्यतः शिकारीच्या वाटेने. त्यांच्याबरोबर तो रानोमाळ हिंडला, वाघ मारले, त्यांच्यात बसला-उठला. या काळाच्या इंग्रजी लेखनात औट्रमचे धाडस रंगवून येते. माग काढणारे, हाका घालणारे, जखमी जनावराच्या मागे प्रथम झाडीत शिरणारे भिल्ल मात्र बहुतांशी समूहवाचक नामानेच येतात. त्यांच्या पायांशी चालणाऱ्या कुत्र्यांबद्दल तर विचारायलाच नको. चाळीसगाव-कन्नड घाटाला औट्रमचे नाव मिळाले. १९८६ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्याचे नावही गौताळा-औट्रमघाट आहे. वाघ मारून कीर्ती मिळवलेल्या माणसाचे नाव वन्यजीवांच्या आश्रयस्थानाला असावे, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

मराठी मनाने कुत्र्याला स्थान दिलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवीत आले, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव आपल्याला लहानपणापासून माहीत आहेत. रायगडावरील वाघ्याच्या पुतळ्याची गोष्ट तर थेट आपल्या विषयातली आहे. या कुत्र्याला शिवकालीन आधार मिळत नाही; पण गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास'च्या अर्पणपत्रिकेने त्याला मराठी वाङ्मयात कायमचे घर दिले. २०१२ मध्ये तो पुतळा हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. कुत्र्याच्या इमानावर आपण इतके भांडू शकतो, ही लहान गोष्ट नाही. पण हे इमान एक तर देवापाशी असते नाही तर राजापाशी. सातपुड्यातल्या पावरा गड्याबरोबर शेताच्या माळ्याखाली रात्र काढणारे कुत्रे, साक्री-शिंदखेड्याकडच्या ठेलाऱ्यांच्या मेंढ्यांमागे मुलुख पालथा घालणारे, लांडग्याच्या चाहुलीने उठणारे कुत्रे आपल्या लिखित वाङ्मयात अभावानेच भेटते. म्हणींमध्ये भेटते ते शेपटीसाठी किंवा मरणासाठी.

येथे नाक्यावरच्या वनरक्षकाकडे परत यायला हवे, कारण तो चुकला नव्हता. पाळीव कुत्र्यांकडून कॅनाइन डिस्टेंपरसारखे रोग वन्य प्राण्यांत जातात. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांच्या मृत्यूंमागे हा विषाणू आढळला होता. कोळसुनांसारख्या रानकुत्र्यांनाही हा धोका आहेच. कुत्रे हरणाच्या पाडसामागे लागते, ओढ्याकाठची पाखरे उठवते. आमच्यासारख्या हौशी चालणाऱ्यांनी कुत्रा बाहेर ठेवावा, हेच योग्य. पण ज्याचे घर, शेत आणि गुरे रानातच आहेत, त्याच्या कुत्र्याला हाच न्याय लावताना थोडे थांबावे लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासीयांवर झालेला ऐतिहासिक अन्याय आपल्या उद्देशिकेतच मान्य केला आहे. राजाची कुत्री मृगयेत होती, साहेबाची शिकार प्रशासनात होती. रानाची राखण हे सूत्र आले तेव्हा पहिला निर्बंध ज्याच्या वाट्याला आला त्याच्यापाशी बंदुकीऐवजी गुरे आणि एक कुत्रे होते. लस टोचून ते कुत्रे निरोगी ठेवणे हे त्याला हाकलण्यापेक्षा कष्टाचे काम आहे. अधिक न्यायाचेही आहे.

महाभारतात दोन कुत्री महत्त्वाची आहेत. एक आदिपर्वात पुढे जाते आणि मुके होऊन परतते. दुसरे महाप्रस्थानात धर्मराजाच्या मागून अखेरपर्यंत चालते; त्याला सोडून स्वर्गात येणार नाही, असे युधिष्ठिर सांगतो, आणि ते कुत्रे साक्षात धर्म ठरते. आम्ही वर्गात दुसऱ्यावर तासभर बोलतो, पहिल्यावर एक वाक्य. यापुढे क्रम बदलावा असे आम्ही ठरवले आहे. दुसऱ्या कुत्र्याला न सोडणारा युधिष्ठिर पहिल्याच्या वेळीही तेथेच होता, हे विद्यार्थ्यांना एकदा तरी सांगितले पाहिजे.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही नाक्यावर परतलो तेव्हा ते तांबूस कुत्रे तिथेच बसले होते. वस्तीपर्यंत ते पुन्हा पुढे चालले, वळणावर थांबले, मागे पाहिले. त्याच्या मालकाला आम्ही नाव विचारले. कुत्र्याचे विचारतो आहोत असे समजून तो हसला आणि म्हणाला, त्याला नाव नाही. मग आम्ही त्याचे स्वतःचे नाव विचारले.