वळिवड्याची छावणी आणि तिच्यामागून आलेली माणसं

गांधीनगरच्या बाजारात कापड घ्यायला सगळा कोल्हापूर जिल्हा येतो. या जागी, वळिवड्याच्या छावणीत, १९४३ ते १९४८ या काळात जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहत होती, हे मी शाळेत इतिहास शिकवताना मुलांना आवर्जून सांगायचो. माझं गाव वळिवडे. आमची आजी छावणीत भाजी विकायला जायची. तिथल्या बायका एकेक वांगं हातात घेऊन, दाबून बघून घ्यायच्या, असं ती सांगे.

आपल्याकडे ही गोष्ट सांगतात ती फार उशिरापासून: युद्धात पोलंडची माणसं आली, कोल्हापूरनं त्यांना आसरा दिला. ती आली कुठून, हे कुणी सांगत नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर चालून आला आणि सतराच दिवसांत पूर्वेकडून स्टालिनचं सैन्य. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियात नि कझाकस्तानात नेली गेली. जंगलतोड, उपासमार, टायफस. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, स्टालिनला मित्रांची गरज पडली आणि या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्सनी त्यांच्यातूनच सैन्य उभं केलं. १९४२ मध्ये त्या सैन्याबरोबर बायकामुलंही कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. पुरुष आघाडीवर गेले. बायका, मुलं, म्हातारी माणसं भारत, पूर्व आफ्रिका, न्यूझीलंड, मेक्सिको इथे विभागली गेली.

वळिवड्यात बरॅकींच्या रांगा होत्या, चर्च होतं, शाळा, दवाखाना, नाटकं, स्काउटची पथकं होती. खर्च लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचा. छातीच्या दुखण्याचे रुग्ण हवापालटाला पाचगणीला जात. आई नसलेली मुलंही इथे बरीच होती, आणि आईसोबत असलेल्यांचे वडील बहुधा दूर कुठेतरी लढत होते. अँडर्सच्या याच पोलिश सैन्यानं १९४४ मध्ये इटलीतला मोंते कासिनोचा डोंगर जिंकला. वॉर्सात त्या लढाईच्या स्मारकाजवळच २०१७ मध्ये वळिवडे-कोल्हापूर छावणीचा स्मृतिफलक बसवला गेला. मला ती जागा फार योग्य वाटते, कारण बाप तिकडे आणि लेकरं इकडे, अशी ती एकच कहाणी आहे.

युद्ध संपलं तरी या लोकांना घरी जाता आलं नाही. त्यांची गावंच सोव्हिएत हद्दीत गेली होती. मग कुणी इंग्लंडला, कुणी आफ्रिकेतल्या छावण्यांत, कुणी पुढे ऑस्ट्रेलिया-कॅनडाला गेलं. कम्युनिस्ट राजवटीमुळे पोलंडमध्ये १९८९ पर्यंत सायबेरियाचं नाव उघडपणे काढणंही कठीण होतं. म्हणून आठवण जपली ती परदेशात विखुरलेल्या, छावणीत वाढलेल्या मुलांनी. त्यांनी लंडनमध्ये आपली संघटना काढली, नावातच १९४२-१९४८ ही सालं घातली, आपल्या आठवणींचा जाडजूड ग्रंथ स्वतः जुळवला. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात कृतज्ञतेचा स्तंभ उभारला तोही त्यांनीच. साठी-सत्तरी ओलांडलेली ही माणसं शोधत शोधत इथे यायची, आणि आपली माणसं त्यांना जुन्या जागा दाखवत फिरायची. मंत्री, पंतप्रधान, पुष्पचक्रं हे सारं नंतरचं. छावणीच्या आठवणीत इथे झालेल्या २०१९ च्या समारंभाला आणि पंतप्रधानांच्या २०२४ च्या वॉर्सा भेटीला जी जमीन मिळाली, ती या साध्या माणसांनी आधी नांगरून ठेवलेली होती.

पण मला एक उणीव बोचते. पोलिश लोक गेले आणि त्याच बरॅकींत फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं उतरली. छावणीचं गांधीनगर झालं. ज्या खोलीत पोलिश आईनं पोरांना निजवलं, त्याच खोलीत हैदराबाद-शिकारपूरकडच्या कुणा आईनं निजवलं असेल. दोघींची घरं एका रेघेनं परक्या देशात गेली होती. आमच्या भाषणांत दुसरी आई येत नाही. व्यापारी म्हणून सिंधी माणूस सगळ्यांना ठाऊक आहे, निर्वासित म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

पोलंडहून पाहुणे येतात, स्तंभाला हार घालतात, ख्रिस्ती दफनभूमीत आपल्या माणसांच्या कबरींपाशी उभे राहतात. पुढच्या वेळी तिथून त्यांना गांधीनगरातल्या एखाद्या जुन्या सिंधी घरी चहाला न्यावं, आणि बरॅकीत बालपण गेलेली म्हातारी माणसं हयात आहेत तोवर दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवून त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं, असा आग्रह मी गावातल्या तरुणांकडे धरला आहे. दोघांनी यादी करायला सुरुवातही केली आहे.